मोजणाऱ्याचीही तब्येत असते

वाचकहो, आपण घरासाठी कर्ज काढले असेल, जुने घर विकले असेल किंवा भावाभावांत वाटणी झाली असेल, तर एक माणूस आपल्या घरी कधीतरी येऊन गेला आहे. हातात टेप किंवा लेझरचे मोजयंत्र, खांद्याला पिशवी. पादत्राणे दारात काढून तो आत येतो, स्वयंपाकघरापासून गच्चीपर्यंत फिरतो, दहा-बारा छायाचित्रे घेतो, पाणी घेतो, चहा बहुधा नाकारतो आणि अर्ध्यापाऊण तासात निघून जातो. आपण त्याला ‘बँकेचा माणूस’ म्हणता. वास्तविक तो बँकेचा नोकर नसतो. बँकेच्या यादीवर असलेला तो एक स्वतंत्र व्यावसायिक असतो. लोक त्याला व्हॅल्युअर म्हणतात, सरकारी मराठीत तो मूल्यांकनकार. गेली एकतीस वर्षे असा एक मनुष्य माझ्या घरी राहतो.

माझे यजमान स्थापत्य अभियंता आहेत. मी शाळेत मराठी शिकवीत असे. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यानंतर त्यांच्या अहवालांचे टंकलेखन, कागदांची जुळणी आणि फोन घेणे ही कामे माझ्याकडे आली. त्यामुळे या व्यवसायाचा भार मी मेजाच्या अगदी जवळून पाहिला आहे. आहार, गुडघे आणि मुलांचे दात यांविषयी वाचण्याची सवय असलेल्या आपणांस प्रश्न पडेल, की घराच्या मूल्यांकनाचा आरोग्याशी काय संबंध? संबंध असा, की घरावर एक आकडा लिहिला जातो आणि त्या आकड्याला दोन घरांतील माणसांची झोप बांधलेली असते. एक घर मोजले जाणारे, दुसरे मोजणाऱ्याचे.

आधी मोजल्या जाणाऱ्या घराचे पाहू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे गृहकर्ज घराच्या किमतीच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच देता येते. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के, त्यावरच्या कर्जाला ७५ टक्के. समजा, आपण ५० लाखांचा फ्लॅट ठरवला आणि ४० लाखांच्या कर्जाचा हिशेब मांडून विसार देऊन बसलात. अहवालात किंमत ४५ लाख आली, तर कर्ज ३६ लाखांवर येते. वरचे ४ लाख कुठून आणायचे, हा प्रश्न त्या रात्री त्या घरात जेवणाच्या ताटावर येऊन बसतो. कुणाचे दागिने काढायचे, कुणाची ठेव मोडायची, यावरून नवराबायकोत शब्द होतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरचा फोन वाजतो.

आता मोजणाऱ्याचे घर. यजमानांनी हे काम सुरू केले तेव्हा नोंदणी होती ती १९५७ च्या संपत्तीकर कायद्याखाली. पुढे २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्तीकरच रद्द झाला. मग १८ ऑक्टोबर २०१७ रोजी कंपनी कायद्याखाली नोंदणीकृत मूल्यांकनकारांचे नवे नियम आले. दिवाळखोरीच्या प्रकरणांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय मंडळाकडे या नोंदणीचा अधिकार गेला. मान्यताप्राप्त संस्थेचे सदस्य व्हायचे, ५० तासांचा अभ्यासक्रम पुरा करायचा, संगणकावरची परीक्षा द्यायची, मग नोंदणी. जुन्यांना काही मुदत मिळाली, ती दोनदा वाढवून ३१ जानेवारी २०१९ पर्यंत नेण्यात आली. नियम मुख्यतः कंपन्यांच्या व दिवाळखोरीच्या कामांसाठी होते. परंतु आम्ही ज्यांचे काम करीत होतो त्यांतील काही बँकांनी यादीवर राहायचे तर हीच नोंदणी आणा, असे सांगितले.

त्या वर्षी आमच्या घरात दोन विद्यार्थी होते. मुलगी दहावीला आणि पन्नाशी ओलांडलेले तिचे वडील या परीक्षेला. जमीन व इमारत या वर्गाच्या परीक्षेत अर्थशास्त्र, लेखाशास्त्र, कायदे, पर्यावरण, व्यावसायिक नीती असे सारे होते. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के गुण, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा. ज्या माणसाने मंगळवार पेठेतील वाड्यांच्या भिंतींवर नुसती थाप मारून त्यांचे वय सांगितले असते, तो रात्री अकरा वाजता चलनवाढीची व्याख्या पाठ करीत बसे. मुलगी त्यांची तोंडी परीक्षा घेई आणि ते तिची. पहिल्या प्रयत्नात गेले, दुसऱ्यात पास झाले. मला त्या दिवसांचे हसू येते आणि अभिमानही वाटतो. परंतु दिवसाचे काम कमी झालेले नव्हते, आणि अभ्यासाचे तास झोपेतूनच कापले गेले होते. त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे त्या वर्षीची आहेत. परीक्षा संपल्यावरही ती गेली नाहीत.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. यांतील कोणताही नियम मला निरर्थक वाटत नाही. पूर्वी कुणीही उठावे आणि लेटरहेडवर किंमत लिहून द्यावी, असे प्रकार होत. फुगवलेल्या किमतींवर कर्जे दिली जात, बुडत, आणि तो पैसा शेवटी ठेवीदारांचा असे. सहकारी संस्थांच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपणांस हे मी सांगायला नको. प्रत्येक नियमामागे कुणाच्या तरी नुकसानीची कहाणी आहे. अडचण इतकीच, की नियम एकामागून एक येतात, जुना जात नाही आणि ते सारे शेवटी एकाच माणसाच्या संध्याकाळी येऊन पडतात.

मे २०१७ पासून रेराखाली चटई क्षेत्राचा हिशेब आला. त्याआधी खरेदीखतात बिल्टअप, जाहिरातीत सुपर बिल्टअप आणि प्रत्यक्षात तिसरेच, असा कारभार असे. आता प्रत्येक खोली आतून मोजून मांडायची. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियमावली लागू झाली आणि आयुष्यभर तोंडपाठ असलेले सामासिक अंतरांचे व चटई निर्देशांकाचे कोष्टक पुन्हा शिकावे लागले. शासनाचे वार्षिक मूल्य दर तक्ते, ज्यांना आपण रेडी रेकनर म्हणतो, ते पूर्वी १ जानेवारीला येत, २०१६ पासून १ एप्रिलला. प्रत्येक बँकेचा नमुना वेगळा. एकीला छायाचित्रावर अक्षांश-रेखांश हवे, दुसरीला घरमालकासह दारात उभे राहून काढलेले छायाचित्र हवे, तिसरीचे स्वतःचे ॲप, आणि ते रात्री आठनंतरच नीट चालते. अहवाल मात्र सगळ्यांना चोवीस तासांत हवा. आणि कर्ज पाच-सात वर्षांनी थकले, की फाइल उघडते. तेव्हा पहिला प्रश्न सही करणाऱ्याला विचारला जातो. कंपनी कायद्यात फसवणुकीच्या हेतूने केलेल्या मूल्यांकनाला एक वर्षापर्यंत कारावास आहे. प्रामाणिक माणसाला त्याचे भय नसावे, असे म्हणणे सोपे आहे. प्रामाणिक माणूसच रात्री दोन वाजता उठून आपण दक्षिणेची बाजू नीट मोजली का, हे तपासतो.

आपण कोल्हापूरचे असाल, तर २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै यांची आठवण करून देण्याची गरज नाही. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. दोन्ही वेळा पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. माझे माहेर शुक्रवार पेठेत आहे. काळ्या दगडाचे जोते, पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी तुळ्या. २०१९ ला पाणी कंबरेएवढे चढले. दादाने डागडुजी केली, रंग दिला. दोन वर्षांनी पाणी पुन्हा आले आणि मागची भिंत बसली. घर उभे करायचे तर कर्ज हवे आणि कर्जाला मूल्यांकन हवे. दादा आमच्याकडे आला. सोप्यात बसून म्हणाला, ‘दाजी, दुसरा कोण कशाला? आपल्या घराचं तुम्हीच करा की.’

यजमानांनी नाही म्हटले. नोंदणीच्या नियमांत आचारसंहिता आहे, आणि जिथे स्वतःचा वा नातलगांचा संबंध येतो तिथे काम घेता येत नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितले. दादाला ते पटले नाही. त्याच्या दृष्टीने सख्ख्या मेहुण्याने अडलेल्या वेळी हात झटकले होते. मग बँकेने यादीवरचा दुसरा व्हॅल्युअर पाठवला. त्याने आपले काम चोख केले, आणि चोख काम म्हणजे घर पूररेषेत आहे हे लिहिणे. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे जागेची किंमत पडते. इमारतीचे वय ऐंशीच्या पुढे, म्हणून तक्त्याप्रमाणे तिला जवळजवळ किंमतच नाही. ज्या तुळईला आमचा पाळणा टांगला होता ती घसाऱ्याच्या कोष्टकात शून्य झाली. आकडा दादाच्या अपेक्षेच्या निम्माही आला नाही.

त्यानंतर आठ महिने दादा आमच्याशी बोलला नाही. आईला भेटायला मी जाई तेव्हा तो आतल्या खोलीत जाऊन बसे. त्या काळात त्याचा रक्तदाब वाढल्याचे मला वहिनीकडून कळले आणि इकडे यजमानांनी रात्रीचे जेवण अर्ध्यावर आणले. मी दोघांच्या मधे. कुणाची बाजू घ्यावी असा प्रश्न खरे म्हणजे नव्हता. दादाचे दुःख खरे होते आणि यजमानांचा नकारही योग्य होता. मूल्यांकनाची किंमत म्हणजे बाजारात आज कुणी काय देईल याचा अंदाज, त्यात पाळणा मोजला जात नाही, हे मी दादाला एका पत्रात लिहिले. उत्तर आले नाही. पुढे एका रविवारी, कुणी न बोलावता, यजमान स्वतः शुक्रवार पेठेत गेले. अहवाल वगैरे काही नाही, जुन्या अभियंत्याच्या नात्याने. विजेचे बोर्ड आणि मीटर पुराच्या खुणेच्या वर घ्या, खालच्या भिंतींना तैलरंग देऊ नका, त्याने ओल आत कोंडते, आईचा पलंग माडीवर हलवा, एवढे सांगून ते परत आले. दादाने ते सारे केले. बोलणे अजूनही बेताचेच आहे. दिवाळीचा फराळ तो घेऊन येतो आणि उभ्याउभ्याच परत जातो.

हे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत २००८ च्या गृहकर्ज संकटाआधी कर्ज देणारेच मूल्यांकनकारावर हवा तो आकडा लिहिण्याचा दबाव आणीत. त्यावर उपाय म्हणून १ मे २००९ पासून एक आचारसंहिता लागू झाली आणि कर्ज विकणाऱ्याने मूल्यांकनकार निवडू नये, असे ठरले. हेतू उत्तम. पण मधे काम वाटून देणाऱ्या कंपन्या आल्या, त्यांनी शुल्काचा मोठा वाटा ठेवून घेतला, आणि प्रत्यक्ष घर मोजणाऱ्याच्या वाट्याला कमी पैसे व कमी वेळ आला, अशी तेथील व्यावसायिकांची तक्रार राहिली. दबाव नाहीसा झाला नाही, त्याने दार बदलले.

२३ जुलै २०२४ चा अर्थसंकल्प आमच्या घरात आजाराची तारीख म्हणून लक्षात आहे. घर विकल्यावरच्या नफ्यावरील कर २० टक्क्यांवरून साडेबारा टक्के झाला, पण महागाई निर्देशांकाचा लाभ काढून घेतला गेला. ओरड झाली, आणि ऑगस्टमध्ये आधी घेतलेल्या घरांसाठी व्यक्तींना दोन्हींपैकी कोणतीही पद्धत निवडण्याची मुभा देण्यात आली. निवडायचे तर दोन्ही हिशेब मांडायला हवेत, आणि घर जुने असेल तर १ एप्रिल २००१ रोजी त्याची किंमत काय होती, ते कुणीतरी लिहून द्यायला हवे. तीही त्या वेळच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. म्हणजे २००१ चे तक्ते शोधा, त्या वर्षीची खरेदीखते शोधा, तेव्हा रस्ता डांबरी होता का मुरमाचा, हे शेजाऱ्यांना विचारा. त्याच आठवड्यात पंचगंगा पुन्हा ४३ फुटांवर गेली होती. एका फोनवर २००१ ची किंमत, दुसऱ्यावर पुरात अडकलेल्या घराची पाहणी. ते सकाळी गमबूट घालून चिखलात उतरत आणि रात्री एकपर्यंत संगणकासमोर बसत. मानेमागे दुखते म्हणाले, मी तेल चोळले. दोन दिवसांनी आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, तो १६८ वर ९८.

डॉक्टरांनी लगेच निदान केले नाही, ही गोष्ट मला फार आवडली. ‘एका आकड्यावर मी सही करत नाही,’ ते म्हणाले, आणि यजमान त्या दिवसांत प्रथमच हसले. आठवडाभर घरी मोजून नोंद आणायची होती. ती रीत येथे लिहिते, कारण बहुतेक घरांत यंत्र असते आणि मोजतात मात्र जिना चढून आल्याआल्या. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. पाच मिनिटे स्वस्थ बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, दंड हृदयाच्या पातळीवर टेकवलेला. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नव्हे. मोजताना बोलू नये. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे, सकाळी आणि संध्याकाळी. घरच्या नोंदींची सरासरी १३५ वर ८५ किंवा त्याहून अधिक असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. आमची सरासरी १४८ वर ९२ आली. गोळी सुरू झाली. मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात लोणचे, पापड आणि खारे शेंगदाणेही आले, हे कोल्हापूरकरांना जड जाते. रंकाळ्यावरचे फिरणे मात्र त्यांना औषध वाटत नाही, चैन वाटते.

डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला, आठवड्याला किती तास काम करता? आम्ही दोघांनी बोटांवर मोजले, ६५ झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक आढळला आहे. गोळीने हे तास कमी होणार नव्हते. म्हणून आम्ही घरी बसून काही गोष्टी ठरवल्या. रात्री नऊनंतर अहवालाला हात लावायचा नाही. चोवीस तासांचा आग्रह धरणाऱ्या एका बँकेला अठ्ठेचाळीस तास कळवले. तिने यादीवरून नाव काढले. उत्पन्न घटले, ते जाणवते. मुलीचे शिक्षण पुरे होत आले आहे म्हणून हे परवडले, हेही खरे. ज्या तरुण व्हॅल्युअरच्या घरी लहान मुले आहेत त्याला हा सल्ला मी कोणत्या तोंडाने देऊ?

तेव्हा थोडे मागणे आपल्याकडे आहे, कारण त्यांचे ते तास काही अंशी आपल्या हातात आहेत. व्हॅल्युअर येणार असे कळले, की खरेदीखत, मिळकत पत्रिका किंवा सातबारा, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि चालू घरफाळ्याची पावती एका पिशवीत काढून ठेवावी. यातला एक कागद राहिला, की दोन फेऱ्या आणि चार फोन वाढतात. कुत्रा बांधावा, यजमानांना दोनदा कुत्रा चावला आहे आणि दोन्ही वेळा ‘आमचा काही करत नाही’ असेच सांगितले गेले होते. घरात कुणी आजारी असेल, तर त्या खोलीत ते आधी विचारून येतील, संकोच करू नये. गच्चीवर बेकायदा खोली असेल तर दडवू नये, ती नकाशात दिसत नाही हे त्यांना पायऱ्या चढतानाच कळते. आणि ‘साहेब, जरा बघा की’ असे म्हणून पाकीट पुढे करू नये. त्या संध्याकाळी ते घरी येऊन बराच वेळ गप्प असतात.

त्यांचा आपणांसही उपयोग करून घेता येतो, याची फारशी कुणाला कल्पना नसते. शेकडो घरे पाहिलेला हा माणूस आपल्या मुलाच्या पलंगामागची ओल पाहतो, बंद करून टाकलेली खिडकी पाहतो. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा व श्वसनाचे विकार अधिक आढळतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत नोंदवले आहे. अहवालाच्या नमुन्यात श्वासासाठी रकाना नाही, पण विचारले तर ते सांगतात. किंमत मात्र विचारू नका. ती ते दारात सांगू शकत नाहीत, आणि रात्री नऊनंतर फोन केलात तर तो मी उचलते.